गुडघे दुखायचे थांबले तेव्हा

रक्ततपासणीच्या रांगेत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान मागच्या बाकावरच्या सासू-सुनेकडे लागले होते.

"आई, रिपोर्ट चांगला आलाय. उद्या घरी सोडतायत पोरीला."

"मग गल्लीत सांगते, ताप असा होता की नातीच्या कपाळावर मी कपडे इस्त्री केले."

"झालं तुमचं सुरू!"

"मग काय सांगू? ताप असतानाही तिचे गुडघे दुखायचे थांबले, तर पोरीचा संधिवात पळाला म्हणून तिला कडेवर घेऊन नाचले, हे सांगू?"

"मीही खूशच झाले होते की! ते दुखणं थांबणं हीच धोक्याची खूण, अंगातली रोगाशी लढणारी फौज आपल्याच घरावर उलटलीय, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत कुणाला ठाऊक होतं? जरा उशीर झाला असता तर पोरगी हातची गेली असती."

"पण मी तिच्या अंगावरचे डाग दाखवले, तशी तू लगेच गाडी बोलावलीस. एरवी माझ्यावर कधी विश्वास ठेवतेस गं?"

"तुम्ही नुसतं म्हणालात, 'हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने.' त्यात तुमचा नेहमीचा वाघ नाही, हत्ती नाही. तिथंच मी ओळखलं, हे खरं आहे."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत.

"असं होय? मग सांगते, ते डाग बशीएवढे होते."

"बशीएवढे कशाला, आई? चांगले परातीएवढे सांगा."