एनेलेसचा तुकडा

नाही हो दादा, बरणीत वगैरे काही नसतं. कोण म्हणालं बरणीत असतं? तुमचा मेव्हणा? त्यानं कधी पाहिलीय आमची लॅब? — बसा आधी. फलोम्बेहून मिनीबसमध्ये उभ्यानंच आला असाल, निदान इथं तरी बसा. एनेलेस गेल्याचं मला सोमवारी कळलं, वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं. गुरुवारी पुरलीत ना तिला? वाईट झालं. फार वाईट झालं. — मी कचिंग्वे. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याच्या पातळ चकत्या कापायच्या, काचेवर लावून रंगवायच्या, मग डॉक्टर त्या सूक्ष्मदर्शकातून बघणार — सव्वीस वर्षं हेच करतेय मी. म्हणून तुम्हाला माझ्याकडे धाडलं. पण तुम्ही जे मागताय ना...

समजतंय हो मला, का नाही समजणार? मीही तिकडचीच. आपल्याकडच्या रीतीनं तुम्ही बायकोच्या गावात राहणारे जावई, घर तिचं, शेत तिचं, मुली तिच्या माणसांच्या. आता ती गेली, आणि मेव्हणा म्हणतोय बहिणीला अर्धी पुरली, राहिलेली आणून दे, नाहीतर तू तुझ्या गावाला चालू लाग, पोरींचं तोंड बघायचं नाही. असंच ना? हं. म्हणजे असंच. तो वाईट नाहीये, दादा. बहीण गेली की माणसाला कुणावर तरी ओरडायचं असतं.

तुकडा घेतला तो वालाच्या दाण्याएवढा. एवढा. आणि तिला विचारून घेतला, अंगठा आहे तिचा कागदावर. कुणी विचारलं म्हणजे? ... मीच विचारलं. खरं तर ते माझं काम नाही, त्यासाठी एक नर्स असते, पण ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि संशोधनाला आलेला परदेशी डॉक्टर म्हणाला, मिसेस कचिंग्वे, तुम्हाला त्यांची भाषा येते, तुम्ही समजावा. समजावलं मी. चांगलं समजावलं! तुम्हालाही सांगते, कारण कुणी सांगितलं नसेल. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या कामांच्या सूचना लिहिलेल्या असतात, हजारो. सगळ्या एकदम वाचायच्या नसतात. कुठली उघडायची, कुठली मिटून ठेवायची, ते ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यातलं एक जखम झाली की 'वाढा' ही सूचना उघडतं आणि जखम भरली की आपलं गप्प बसतं. तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी ते गप्पच बसेना. तिथं विषाणू ठाण मांडून होता, दहा-पंधरा वर्षं असेल — नाही, नाही, तुमचं काही चुकलं असं नाही म्हणत मी, तो कुणालाही होतो, तुम्हाला, मला, बहुतेकांचा आपोआप जातो. तिचा गेला नाही. आणि ते प्रथिन सारखं 'वाढा, वाढा' म्हणत राहिलं, त्याचाच कॅन्सर झाला.

तर ती ऐकत बसली होती. हुशार होती हो. मला म्हणाली, "ताई, या तुकड्यानं मी बरी होणार का?" मी म्हटलं, "तुझं सांगता येत नाही. तुझ्या मुलींच्या वेळेला उपयोग होईल." तर म्हणाली, "मग घ्या. पण काय निघालं ते मला सांगाल ना?" मी म्हटलं, सांगेन.

हो. म्हटलं मी तसं. कागदावर नव्हतं ते, माझ्याच तोंडून निघालं.

अकरा आठवड्यांनी तिची काच रंगवली. ते प्रथिन असेल तिथं तपकिरी दिसतं. मी बघायला नको खरं तर, बघणं डॉक्टरांचं काम, पण सव्वीस वर्षांत डोळा तयार होतोच की. सगळं तपकिरी, दादा. चहा सांडल्यासारखं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी वर जाऊन डॉक्टरांना विचारलं, हिला बोलावू का? तर म्हणाले, काय सांगणार बोलावून? हे संशोधन आहे, उपचार नाही. ज्यांची काच अशी, त्यांचा आजार लवकर पसरतो असा अंदाज आहे, अजून सिद्ध व्हायचंय. आणि झालं सिद्ध तरी देणार काय तिला? किरणांचा शेक द्यायचं मशीन तेव्हा आपल्याकडे नव्हतंच, परदेशी पाठवायच्या यादीत नाव लागेपर्यंत बायका... जाऊ दे. चूक नव्हते ते. मी रोज तेच म्हणते स्वतःला, चूक नव्हते.

तुकडा? तेच सांगतेय. त्यांना आधी एकच प्रथिन बघायचं होतं. मग दुसरं, मग सहावं, नववं. दर वेळी मी चकत्या कापायच्या. वालाचा दाणा, किती पुरणार? मार्चमध्ये ठोकळ्यात नुसतं मेण उरलं. काचा सगळ्या विमानानं त्या डॉक्टरांच्या देशात गेल्या. इथं नाही काही. खोटं नाही सांगत, कपाट उघडून दाखवते हवं तर. — रिकामा मेणाचा ठोकळा नेऊन मेव्हण्याला देऊ म्हणता? नका. तो पुरेल त्याला तिचा तुकडा म्हणून, आणि तुम्ही जन्मभर गप्प बसाल. ते सोपं नसतं. मला विचारा.

म्हणजे... ती आली होती ना. एप्रिलमध्ये. माझ्यासाठी ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन, फडक्यात बांधून. व्हरांड्यात बसून राहिली. शिपायाला म्हणाली, कचिंग्वेताईंनी सांगते म्हटलं होतं. आणि मी — मी आतच होते. रंगाच्या खोलीत. शिपायाला म्हटलं, सांग, आज आल्या नाहीत. दोन वाजेपर्यंत बसली म्हणे. शेंगा शिपायाजवळ ठेवून गेली. काय सांगणार होते मी तिला? तुम्हीच सांगा. तिच्याकडे बघून काय सांगणार होते? आणि एवढ्या लांबून एकटी बाई, त्या अवस्थेत...

काय?

एकटी नव्हती?

तुम्ही होतात?

म्हणजे तुम्ही दोघं... तुम्ही मला आत जाताना पाहिलं होतं? दोघांनीही? — आणि तिनं तुम्हाला उठू नाही दिलं. काय म्हणाली? ... नाही, नको. नका सांगू.

मेव्हण्याला सांगा, लॅबमधल्या बाईनं तुकडा कापून कापून संपवला. माझं नाव सांगा. चिठ्ठी हवी तर देते, शिक्का मारून... नको? बरं.

दार तेवढं ओढून घ्या जाताना.