पेठच्या स्टॉपवरची बाई

आरती: पण अनिसाताई, पुस्तक वाचनालयाचं आहे. त्यात पेन्सिलीनं लिहायचं नसतं.

अनिसा: लिहिलं कुठं? उत्तरं दिलीत त्यांना.

आरती: कुणाला?

अनिसा: ह्या पुस्तकाच्या मागच्या फोटोतल्या बाबांना. एवढा नावाजलेला लेखक, आणि सांगतो काय, तर 'लिहायला बसाल तेव्हा घर शांत हवं.' मी बाजूला विचारलं, कुणाचं घर?

आरती: आणि खाली हे, 'चहा कोण ठेवतं?'

अनिसा: मग? पहाटं उठून लिहितात म्हणं आणि टेबलावर चहा येतो. येतो म्हंजे काय, चालत येतो?

आरती: इतका राग आला, तर मुदत वाढवून वाढवून कशाला नेत होतात?

अनिसा: राग न्हाई हो. लई आवडलं मला. ते बायकोला पहिली गोष्ट वाचून दाखवतात आणि ती घोरायला लागते, ते वाचताना इतकं हसले की पिकोच्या मशिनची सुई बोटात गेली. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, साडीला रक्त लागंल. आजवर कुणी मला गोष्ट कशी लिहायची ते बसून सांगितलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं. मग भांडणार कुणाशी? जो बोलतो त्याच्याशीच ना?

आरती: मला हे खोडावं लागेल.

अनिसा: राहू द्या. पुढं जी बाई नेईल तिला सोबत व्हईल.

आरती: तुमची गोष्ट मात्र सुधारली हं या पुस्तकानं. पहिला खर्डा आणि आता छापायला दिलेली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अनिसा: ते म्हणतात, सुरुवातीची पानं काढून टाका, गोष्ट त्याच्या पुढं बसलेली असती. मी त्या पानांत आमचं पेठ गाव, अब्बांचं सायकलचं दुकान, सगळं घातलं व्हतं. काढताना जीव तुटला. पण काढल्यावर बघते तर बाई थेट स्टॉपवर उभी. तिथं मात्र बाबांचं खरं निघालं.

आरती: आणि तिचे हात. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळते, सोडते. तिला भीती वाटत होती असं एकदाही म्हटलेलं नाही तुम्ही.

अनिसा: तेही त्यांचंच. माणूस घाबरला असं लिहू नका, हात काय करतात ते लिहा.

आरती: ताई, बसा जरा. एक सांगायचंय. सकाळी दादाभाऊंचा फोन होता.

अनिसा: आपल्या वाचनालयाचे अध्यक्ष? काय म्हणाले?

आरती: म्हणाले, दिवाळी अंकात ही गोष्ट यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.

अनिसा: त्यांनीच तर शाबासकी दिली व्हती.

आरती: मधे तुमचे भाऊ नवाबभाई त्यांना भेटले. प्रेसमधून कुणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो नवाबभाईंपर्यंत गेला.

अनिसा: म्हणून काल भाई फोन उचलत नव्हते. असू दे. मी गोष्ट मागं घेणार न्हाई, आरती. तुमी काढायची तर काढा, पण मी काढली असं कुणाला सांगू नका.

(नवाब आत येतो. चपला दाराशी काढतो, पण बसत नाही.)

नवाब: बरं झालं, दोघी हितंच हायेत. मॅडम, दादाभाऊंनी सांगितलं ना तुमाला?

आरती: सांगितलं. या, नवाबभाई, बसा.

नवाब: बसायला येळ न्हाई, मार्केटला बटाट्याची गाडी उभी हाय. अनिसा, तू लिही की. पावसाचं लिही, पोरांसाठी लिही. आपल्या घराचं कशाला चव्हाट्यावर मांडती?

अनिसा: घराचं नाव हाय का त्यात? गाव सोडून एक तरी नाव खरं हाय का?

नवाब: नाव कशाला लागतंय? पेठमधली मुसलमानाची बाई, मास्तरणीची परीक्षा पास झालेली, निमगाव सावाच्या शाळेत नोकरी लागलेली. अशा किती व्हत्या तवा? एकच व्हती. आपली अम्मी. मार्केटला एक जण मला विचारतो, काय राव, तुमच्या वडलांनी नोकरी करू दिली न्हाई का आईला?

अनिसा: मग तुमी काय सांगितलं?

नवाब: काय सांगणार?

अनिसा: 'न्हाई करू दिली' असं सांगायचं.

नवाब: अब्बांना जाऊन किती वर्षं झाली. आजबी पेठमधी लोक नाव काढतात. कुणाची सायकल त्यांनी अडवून ठेवली न्हाई कधी.

अनिसा: मी कुठं म्हणते वाईट व्हते? माझ्या गोष्टीतबी ते गोडच बोलतात. 'घरात काय कमी हाय तुला?' एवढंच म्हणतात. हात उचलत न्हाईत, आवाज चढवत न्हाईत. तसंच झालं व्हतं ना? ती पिशवी घेऊन स्टॉपवर गेली, कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं, अब्बा हसत हसत गेले आणि तिला घरी घेऊन आले. बस पुढं निघून गेली. पुढं जन्मभर ती आमाला पाढे म्हणायला लावायची, आणि आमी कंटाळायचो.

नवाब: आणि तू लिहिलं काय? दादाभाऊ म्हणाले, ती बसमधी चढली. चढली व्हती का अम्मी?

अनिसा: न्हाई.

नवाब: मग खोटं हाय ते.

अनिसा: हे बाबा म्हणतात, गोष्टीचा शेवट घडलेला नसला तरी चालतो, खोटा नसावा.

नवाब: ह्याचा अर्थ काय?

अनिसा: मलाबी पहिल्यांदा कळला न्हाई. मग मी अम्मी घरी परत येते असं लिहिलं, जसं झालं तसंच. आणि लिहिताना वाटलं, मीच जाऊन तिला परत आणली. दुसऱ्यांदा. ते माझ्यानं व्हईना.

नवाब: चढलेली बाई अम्मी न्हाईच मग.

अनिसा: न्हाई ना? मग तक्रार कशाची घेऊन आलात, भाई?

नवाब: तू शब्दात पकडू नको मला. मॅडम, तुमी सांगा. दादाभाऊ अध्यक्ष हायेत. ते नको म्हणाल्यावर विषय संपला.

आरती: अंकाची संपादक मी आहे, नवाबभाई. गोष्ट मी निवडली. ती चांगली नसती, तर ताई माझ्या कितीही जवळच्या असल्या तरी घेतली नसती. दादाभाऊंना मी तसंच सांगणार आहे. त्यांना पटलं नाही, तर अंकावरचं माझं नाव त्यांनी काढावं.

नवाब: म्हंजे तुमीबी.

अनिसा: तुमी वाचली का गोष्ट?

नवाब: पहिलं पान वाचलं मोबाइलवर.

अनिसा: वाचा सगळी, मग भांडा. मी पळून जात न्हाई. पण ती छापून येणार. माझ्या नावानं येणार. ह्या अंकात न्हाई आली तर दुसरीकडं पाठवीन, आणि तिथंबी न्हाई घेतली तर पेठच्या स्टॉपवर उभी राहून मोठ्यानं वाचीन.

नवाब: अम्मीचा तरी इचार करायचा. ह्या वयात तिला काय वाटंल?

अनिसा: तिला वाचून दाखवली.

नवाब: कधी?

अनिसा: मागल्या आठवड्यात. तुमी मार्केटला व्हता, वहिनी माहेरी. दुपारची तुमच्या घरी गेले, तिला चष्मा दिला. म्हणाली, डोळे दुखतात, तूच वाच.

नवाब: आणि मला कुणी काय बोललं न्हाई.

अनिसा: तुमी विचारलं न्हाई.

नवाब: रडली असंल.

अनिसा: न्हाई. लसूण सोलत व्हती, तो सोलायचा थांबली. पुरी झाल्यावर डोळे मिटले तिनं. मला वाटलं झोप लागली. आता हिचंबी त्या लेखकाच्या बायकोसारखं झालं म्हटलं.

नवाब: मग?

अनिसा: मग म्हणाली, निमगाव लई लांब हाय. तू मला उभी का ठेवली बसमधी? खिडकीपाशी बसव.

आरती: हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. प्रुफात अजून ती उभीच आहे.

अनिसा: तेच दुरुस्त करायला आले व्हते. तुमी आधी पेन्सिलीचं काढलं.

आरती: हे घ्या, शेवटचं पान. नवाबभाई, तुमची गाडी...

नवाब: थांबंल गाडी. बघू ते पान.

अनिसा: पहिल्यापासनं वाचा.

नवाब: वाचतो. माझं नाव मात्र कुठं घालू नको.

अनिसा: न्हाई घालत.

नवाब: आणि हे बघ, तिला डावीकडं बसव. पेठवरनं सकाळच्या गाडीला उजव्या अंगाला ऊन येतं.