वट्याची रेघ

न्हाई न्हाई, आधी च्या घ्या इनुसभाई, मग हातात थापी धरा. रेघ काय पळून चाललीय व्हय? आन् खरं सांगू का, शेतातनं आल्या आल्या ती रेघच बघितली मी. हा स्वयंपाकाचा वटा? एवढा खाली? तुम्हाला मिस्त्री म्हणायचं का काय म्हणायचं! माझी सून बघितली न्हवं तुम्ही — आमची सायली — चौकटीतनं येताना मान वाकवती, असली उंच पोर. तिला ह्या वट्यावर भाकरी थापायची म्हंजी कांद्याची रोपं लावल्यागत कमरंत वाकावं लागंल. हसता काय? तुम्हीच म्हणला व्हता, वट्याला टेप लागत न्हाई मावशी, घरची बाई उभी करायची, तिच्या कोपराखाली चार बोटं सोडायची आन् तिथं कडप्पा बसवायचा. मग बाई कुठली उभी केली तुम्ही? तुमची बायको हमीदा? ती तर माझ्याच मापाची!

च्या बरा झालाय का? चुलीवरचा हाय. शेवटचाच समजा, उद्या चूल पाडणार ना तुम्ही. पाडा की. मी कुठं न्हाई म्हणते? विश्वजित पण तेच विचारत व्हता, आई, वाईट वाटतंय का. म्हणलं, लेकरा, मातीचं काय वाईट वाटायचं, धुरानं डोळं गेलं माझं त्या चुलीपायी. पाडा, खुशाल पाडा. आता बघा, सगळी सणसवाडी भाड्याच्या खोल्या काढतीय — पत्रा टाकला की कंपनीतली पोरं राहायला हजर — आन् विश्वजितच्या मनात पण तेच व्हतं. पण सायली म्हणली, आधी घराला मागं मोठं स्वयंपाकघर जोडायचं, खोल्या मग. मग माझ्या पोराची काय बिशाद! राहू गावची पोरगी हाय ती, तिनं ठरवलं की ठरलं. आन् मला काय म्हणली ठाऊक हाय? "आत्या, आता तुम्ही चुलीपुढं बसायचं न्हाई." बस्स, एवढंच. आता ह्याचा अर्थ तुम्हीच सांगा. बसायचं न्हाई, मग काय करायचं? वसरीत टेकून आल्यागेल्याला पाणी विचारायचं? ह्या घरात पाऊल टाकलं तवापासनं भाकरी माझ्या हातची हाय, इनुसभाई. चूल गेली म्हंजी माझा पाट गेला, आन् पाट गेला म्हंजी — जाऊ द्या. बिस्कीट घ्या.

न्हाई, उभ्यानं करायला मी शिकले असते. असते काय, शिकलेच! कुणाजवळ बोलू नका हां — मी दुपारची शेजारच्या कस्तुराबाईकडं जाते ना, सगळ्यांना वाटतं टीव्ही बघायला जाते. कसला टीव्ही! तिच्या वट्यावर भाकरी थापून बघते. तिच्या सुनंच्या मापाचा वटा, परात पार माझ्या छातीला लागती. पहिल्या दिवशी भाकरी तव्यात टाकायला गेले, ती पडली कस्तुराबाईच्या पायावर! मेलीनं खिडकी लावून घेतली आन् पोट धरून हसली. पण आता जमतंय. गोल येत न्हाई, पण फुगती. म्हंजी कसं — नव्या जागंत मलाबी एक कोपरा पाहिजे व्हता, एवढंच. पण सुनंपुढं कुठं तोंड उघडायचं? मागायची लाज वाटली बघा.

आन् तिचं तरी ध्यान कुठं असतंय! काल कंपनीतनं आली, चप्पल न काढता म्हणली, आत्या, जरा उभ्या राहा, ब्लाउजचं माप घ्यायचंय. हात कोपरात दुमडायला लावला, आन् टेप लावला कुठनं? फरशीपासनं! म्हणलं, अगं बया, ब्लाउज शिवतीस का झगा? बीकॉम झालेली पोरगी, आन् बाहीचं माप फरशीपासनं घेती! हसली आन् पळाली आत. मी म्हणलं, हिच्या आईनं हिला काय —

काय म्हणला?

न्हाई, परत सांगा. सकाळी? कंपनीची बस यायच्या आधी? तिनं सांगितलं तुम्हाला? ही रेघ तिनं —

म्हंजी तो टेप...

थांबा. सरका जरा. इथं उभी राहते मी. हात असा. हे कोपर, आन् हे खाली चार बोटं.

बरोबर रेघंवर आली की हो.

च्या प्या तुम्ही. माझ्याकडं काय बघता? चुलीच्या धुरानं पाणी येतंय डोळ्याला. विझलीय? विझली असंल. तुम्हाला काय करायचंय?

इनुसभाई, ती रेघ पुसा. व्हय, पुसाच. पोर दिवसभर कंपनीत उभी असती, तिची कंबर काय लोखंडाची हाय? तिच्या मापानं मारा दुसरी. मी? माझा चुलीपुढचा पाट हाय ना, तोच वट्यापुढं टाकीन. इतकी वर्षं त्याच्यावर बसले, आता उभी राहीन.

आन् हे तिला बोलायचं न्हाई. विचारलं तर म्हणायचं, मिस्त्री चुकला. चुकता का न्हाई कधी? मग! फाटक वाजलं बघा, आली वाटतं. तो कप द्या इकडं, आन् बघत काय बसलाय — पुसा म्हणते ना!