बबिताचा तांब्या

पालमच्या स्टँडवर पूर्णेची बस अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"भिवराक्का, सुनंनं किचन लय झाक सजवलंय म्हणं?"

"सजवलंय. माळ्यावरचा पितळी तांब्या काढून मधोमध मांडलाय."

"कोणता गं?"

"माझ्या बबिताच्या बारशाला मामानं देलेला. तिचं नाव घातलेला."

"अगं बाई! पोरगी जाऊन तीस वर्षं झाले असतील."

"एकतीस. बघवत नव्हता म्हणून मीच वर टाकला, आन् इसरले."

"मग बरंच केलं की सुनंनं."

"मायेनंच केलं तिनं. दुकानात नेऊन मशीनवर घासून आणला. सोन्यावाणी चमकायलाय."

"मग रडायलीस कशाला?"

"घासण्यात नाव गेलं गं. पोरीचा फोटू न्हाई, कागद न्हाई, तेवढंच होतं. मला वाचता येत न्हाई, पण बोटाला लागायचं."

"सुनंला सांगितलंस?"

"कसं सांगू? ती रोज इचारती, आत्याबाई, आवडला का?"

"मग?"

"आवडला म्हणते. ती बाहेर गेली की हात फिरवून बघते. कुठंच काही लागत न्हाई."