पायाखालचा दगड

वैशाखरे गावाच्या पुढं घाटात गाड्यांची रांग थांबली होती. आमच्या जीपपुढच्या लाल गाडीत बाप-लेक होते. स्टेअरिंग लेकीकडं. काचा खाली होत्या, बोलणं आमच्यापर्यंत येत होतं.

“मनस्वी, दोनदा बंद पडली गो. जुनाच क्लच बरा होता.”

“नवा घट्ट पकडतो, बाबा. इंजिनाचं चाक, फ्लायव्हील पण हलकं टाकलंय, म्हणून रेस जरा जास्त द्यायची, एवढंच.”

“चढ हाय. मागं घसरली तर?”

“नाय घसरणार. तो पायाखालचा दगड फेका बाहेर.”

“कुठला दगड?”

“गोणपाटात गुंडाळलेला. मुरबाडपासून बघतेय.”

“ट्रकवर होतो तवा चाकामागं हाच लावायचो.”

रांग हलली. लाल गाडी सरळ निघाली, थोडी पुढं जाऊन थांबली. आमची जीप मात्र मागं घसरली.

“उतरा, बाबा. दगड त्यांना द्या.”