घरचा सैल ढोल

आटपाडीच्या माळावर सखाराम धनगर ऱ्हात हुता. बायको, लढाईवर गेलेला लेक, अन् एक सून. ती सून मीच गं बायांनो.

एक दिस लष्कराचा कागद आला. मास्तरांनी वाचला, "पोराचा पत्ता लागत न्हाई." मामंजींनी लेक मेलाच धरला. माझं कुंकू पुसलं, अन् घरच्या ढोलाच्या दोऱ्या सैल केल्या. घरात मरण झालं की वरीसभर ढोल ताणायचा न्हाई, ही आमची रीत. पण म्होरं जत्रा आली. देवाम्होरं ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा, त्यो चुकवून कसं चालंल? मामंजी खाली मान घालून तसाच वाजवत हुते. आवाज कसला, भिजलं घोंगडं बडवल्यागत.

तवर गर्दीतनं खाकी कपड्यातला एक वाळलेला माणूस फुडं आला.

"आबा, ढोल सैल का? आपल्या घरात कोण गेलं?"

मामंजींनी वर बघितलं. टिपरू हातातनं गळालं.

"तूच की रं!"

मग बापलेकानं देवळाम्होरंच दोऱ्या आवळल्या, कातडं जाळावर शेकलं. पयला ठोका कडाडला, तशी सासूबाईंनी देवाच्या भंडाऱ्यानं माझं कपाळ भरलं.