झालं की केलं

चिमणी : ‘“झालं” म्हणायचं नाही, “केलं” म्हणायचं. झालं म्हटलं की कुणी केलं ते कळत नाही.’ हातात पाना देताना बाबा पहिलं हेच सांगायचे. आठवतंय ना, दादा?

दादा : आठवतंय गं. पण बाहेर आपला ट्रक न्यायला आलेला ट्रेलरवाला तिसऱ्यांदा हॉर्न वाजवतोय आणि तुला आत्ता बाबा आठवले!

चिमणी : मला नाही, या बोल्टनं आठवण करून दिली. हा बघ. फडक्याखाली होता.

दादा : कुठला?

चिमणी : कनेक्टिंग रॉडचा. नवा कोरा. बारा मागवले, बारा आले. सहा सिलिंडर, दोन-दोन बोल्ट. मग हा बाहेर कसा?

दादा : जास्तीचा आला असेल.

चिमणी : मी मोजून ताटलीत मांडले होते. शेजारच्या ताटलीत जुने, धुऊन ठेवलेले. हा बाहेर आहे म्हणजे एक जुना आत गेलाय.

दादा : गेला तर गेला! वीस वर्षं तेच बोल्ट होते. तुटला एक तरी?

चिमणी : वीस वर्षं इंजिन मिनिटाला चोवीसशे फेऱ्यांवर चाललं, माल ओढत. आता शर्यतीसाठी आपण ते बत्तीसशेवर नेतोय. फेरे तिसऱ्या हिश्शानं वाढले, पण बोल्टवरची ओढ पावणेदोनपट. हे गणित तूच मला शिकवलंस. पिस्टन हलके घातलेस, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घातल्यास, क्रँक तोलून आणलास, ते कशासाठी? एक थकलेला बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. आणि शर्यतीत ट्रक वहिनी चालवणार; इंजिन तिच्याच सीटखाली आहे.

दादा : माहितीये मला. माझी बायको आहे ती.

चिमणी : मग सांग, कितव्या सिलिंडरला असेल?

दादा : पाचव्याला.

चिमणी : तुला कसं माहीत?

दादा : चौथ्यापर्यंत तू मोठ्यानं ‘केलं, केलं’ म्हणत आलीस. पाचव्याला तुझा फोन वाजला. बोलून आलीस, पाना फिरवलास आणि म्हणालीस, ‘झालं.’

चिमणी : मी?

दादा : तूच.

चिमणी : मग तेव्हाच टोकलं का नाहीस?

दादा : घाई होती. म्हटलं, एका शब्दानं काय होतंय. पण काल दुपारपासून तो शब्द कानात किरकिरतोय बघ.

(वहिनी हातात किल्ली फिरवत आत येते.)

वहिनी : भावाबहिणीचं गुळपीठ संपलं असेल तर चढवायचा का ट्रक? अगं बाई! चेहऱ्यावर बारा का वाजलेत तुमच्या?

चिमणी : बारा नाही, वहिनी. अकराच.

वहिनी : म्हणजे?

चिमणी : एक जुना बोल्ट आत राहिलाय. राहिला नाही... मी ठेवलाय.

दादा : आणि शंका येऊनही मी गप्प बसलो.

वहिनी : दोन वर्षं घाम गाळलाय मी. उद्या सकाळी आठला गाडीची तपासणी. ती हुकली की यंदा नाव बाद. किती वेळ लागेल?

दादा : तेल काढायचं, खालचं चेंबर उतरवायचं... नुसता पाचवा उघडला तर आज संध्याकाळी—

चिमणी : आता मला कुठल्याच बोल्टची खात्री नाही. बाराही उघडून, मोजून पुन्हा आवळायचे तर उद्याची दुपार होईल.

वहिनी : अहो, पहिल्यांदा मला या केबिनमध्ये बसवलंत, तेव्हा काय शब्द दिला होतात?

दादा : बारा वेळा ‘केलं’ ऐकल्याशिवाय किल्ली तुझ्या हातात देणार नाही.

वहिनी : मग ही माझ्या हातात काय करतेय? घ्या.

दादा : अगं, पण तुझं नाव...

वहिनी : नावाचं मी बघते. आधी त्या ट्रेलरवाल्याला परत पाठवते. रागावलेय मी, दोघांवरही. पण ते मागाहून.

दादा : गेली. चिमणे, पाचव्यापासून सुरुवात करू या?

चिमणी : पहिल्यापासून. ती तेलाची परात सरकव इकडे. आणि दिवा खाली धर, मला दिसत नाहीये.

दादा : हं. बूच सुटलं का?

चिमणी : सुटलं नाही, दादा. मी सोडलं.